धुराचे खत परवडते, पण कोणाला?

कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा, त्याचे खत करायचे आणि ते शेतात टाकायचे. प्रदूषणही कमी आणि पीकही जोमात. असे सांगणारे व्हिडिओ गेली दोन-तीन वर्षे आपल्या तरुणांच्या मोबाइलवर फिरत आहेत. भोकरदन तालुक्यात आम्ही जो अभ्यासवर्ग चालवतो, तिथे कृषी पदविका घेतलेल्या मुलांनी हा विषय काढला आणि त्यावर तीन रविवार चर्चा झाली. मुलांचा उत्साह आम्हाला आवडला. विज्ञान म्हटले की नाक मुरडणारी आपली चळवळ नाही. यंत्र आणि आधुनिक उद्योग नाकारून दलितांची सुटका होणार नाही, हे बाबासाहेबांनी गांधीवादी अर्थविचाराला दिलेले उत्तर आम्ही विसरलेलो नाही.

पण बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञही होते. एखादी गोष्ट परवडते असे कोणी म्हटले, की ती कोणाला परवडते आणि तिचा खर्च कोण सोसतो, हा पुढचा प्रश्न विचारायला त्यांनी आपल्याला शिकवले. तोच प्रश्न आम्ही या धुराच्या खताला विचारला. हिशेब मांडायला पाटी-पेन्सिल पुरेशी आहे, म्हणून तो इथे सर्वांसमोर ठेवतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. कार्बन डायऑक्साइडपासून खत ही काही नवी जादू नाही. आपण दरवर्षी मक्याला आणि कापसाला जो युरिया टाकतो, तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासूनच बनतो. एक टन युरियाला सुमारे ५६७ किलो अमोनिया आणि ७३३ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. अलिबागजवळच्या थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे, ज्याचा 'उज्ज्वला' युरिया आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत मिळतो. तिथे काय किंवा देशातल्या दुसऱ्या कोणत्याही युरिया कारखान्यात काय, नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना कार्बन डायऑक्साइड वेगळा निघतो आणि तोच पुढे युरियात जातो. त्याही आधी, १९५१ साली उत्पादन सुरू झालेल्या सिंद्रीच्या सरकारी कारखान्यात जिप्सम, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड वापरून अमोनियम सल्फेट केले जात होते. हे सिंद्री दामोदर खोऱ्यात आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ज्या खोऱ्याच्या पाणी-वीज योजनेची आखणी झाली, तेच हे खोरे.

मग नवे काय? नवे एवढेच, की आता हा वायू धुराड्याच्या धुरातूनही पकडता येतो. धुरात तो थोडा असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. म्हणून धूर एका रासायनिक द्रावणातून नेतात. द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, मग वाफेने तापवले की तो सोडते. या तापवण्यालाच मोठा खर्च येतो. इफ्को या सहकारी संस्थेने उत्तर प्रदेशातल्या आवला आणि फुलपूर इथल्या कारखान्यांत २००६ साली जपानी तंत्राचे असे संच बसवले. एका संचाची क्षमता दिवसाला ४५० टन. कारण साधे होते. नैसर्गिक वायूपासून अमोनिया केला, की सगळ्या अमोनियाचा युरिया करायला कार्बन डायऑक्साइड थोडा कमी पडतो. ही तूट धुरातून भरून काढली. ४५० टन वायूतून सुमारे ६१४ टन युरिया होतो, म्हणजे ४५ किलोच्या साडेतेरा हजार गोण्या, रोज. कारखान्याला हे परवडते, यात शंका नाही.

दुसरे उदाहरण तमिळनाडूतल्या तुतिकोरीनचे. खरगपूर आयआयटीत शिकलेल्या दोन तरुणांनी स्वस्तात वायू पकडणारे नवे द्रावण तयार केले. भारतात भांडवल मिळाले नाही, म्हणून ते इंग्लंडला गेले. त्यांचे तंत्र तुतिकोरीन अल्कली केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीने २०१६ साली बसवले. कोळशावर चालणाऱ्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६०,००० टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याचा हा प्रकल्प, तोही सरकारी अनुदानाशिवाय. जगभर त्याची बातमी झाली. पण कंपनीच्या प्रमुखांनी बातमीदारांना प्रामाणिकपणे सांगितले, की पृथ्वी वाचवण्याचा विचार आपल्या मनात नव्हता, आपल्याला खात्रीचा कार्बन डायऑक्साइड हवा होता आणि तो असा स्वस्त पडला. हे प्रामाणिक वाक्य व्हिडिओ बनवणारे गाळतात.

आणखीही एक गोष्ट गाळली जाते. तिथे मीठ, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून दोन माल निघतात. एक सोडा अॅश, जी काचेला आणि धुण्याच्या पावडरला लागते. दुसरा अमोनियम क्लोराइड, ज्यात २५ टक्के नत्र असते आणि जे खत म्हणून विकले जाते. पकडलेला कार्बन जातो तो सोड्यात. खतात त्याचा कणही नसतो.

कारखान्याचा हिशेब झाला. आता हवेचा करू. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. ऐकायला छान वाटते. पण गोणी फोडून खत ओलीवर टाकले, की मातीतले युरिएज नावाचे विकर काही दिवसांतच त्याचे तुकडे करते. अमोनिया पिकासाठी राहतो आणि ते ३३ किलो परत हवेत जातात. म्हणजे थळला किंवा फुलपूरला पकडलेला वायू भोकरदनच्या रानात सुटतो. बंदिवास फार तर काही महिन्यांचा.

पुढे गोणीतल्या नत्राचा प्रश्न येतो. एका गोणीत साधारण २१ किलो नत्र असते. त्यातला छोटा भाग मातीतल्या जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट भारी आहे. जागतिक पातळीवर वापरतात तो एक टक्क्याचा ढोबळ दर धरला, तर एका गोणीमागे जवळपास ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढते. आपल्यासारख्या कोरड्या भागात हा दर निम्मा धरला, तरी ४५ किलोच्या आसपास. म्हणजे पकडले ३३, तेही सुटले, आणि वर ४५ नवे. अमोनिया करताना कारखान्यात जळालेला वायू यात अजून धरलेलाच नाही.

जगाचा आकडा पाहिला तरी हेच दिसते. जगातले उद्योग वर्षाला साधारण २३ कोटी टन कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्यातला निम्म्याहून जास्त युरियासाठी. आणि जग हवेत सोडते ३,७०० कोटी टनांच्या आसपास. समुद्रातून तांब्याभर पाणी काढून भरती थांबवल्याचा दावा करण्यासारखे हे आहे.

इथे आमच्या एका कार्यकर्त्याने विचारले, "पण सर, कार्बनने जमीन तर सुधारेल ना? कृषी सहायक तर सारखे सेंद्रिय कर्ब कमी झाला म्हणून सांगतात." हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण फसवणूक नेमकी याच शब्दापाशी होते. जमिनीतला सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेला पालापाचोळा, शेणखत, मुळे, जिवाणू. त्यानेच माती पाणी धरते. युरियातला कार्बन हा तो कर्ब नव्हे. पीक आपल्याला लागणारा कार्बन पानातून हवेतून फुकट घेते, मुळाशी तो विकत आणून घालावा लागत नाही. तेव्हा 'कार्बनयुक्त खत' म्हणून कोणी जादा दर लावत असेल, तर ते खत बाजूला ठेवून आधी त्या माणसाला हा फरक विचारा.

आता शेतकऱ्याचा हिशेब. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. हा दर सरकार ठरवते. प्रत्यक्ष खर्च २,२०० रुपयांच्या आसपास असल्याचे सरकारच सांगते. मधली रक्कम अनुदान म्हणून कारखान्याला जाते. २०२२-२३ साली खतांवरचे एकूण अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले होते. युरियाच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक वायूचा असतो आणि त्याचा मोठा भाग आपण परदेशातून आणतो. धुरातून पकडलेला कार्बन डायऑक्साइड कितीही स्वस्त पडला, तरी वायूचे बिल तसेच राहते. जी थोडी बचत होते ती कारखान्याच्या किंवा सरकारच्या ताळेबंदात दिसेल. गोणीवरची छापील किंमत तिच्यामुळे एक पैशानेही हलणार नाही.

आणि छापील किमतीला तरी गोणी मिळते का? जुलैत मका गुडघ्याला लागला, वर चांगला पाऊस झाला, की सगळ्यांना एकाच आठवड्यात युरिया हवा असतो. तेव्हा काउंटरवर सांगतात, "युरिया पाहिजे तर ही बाटली घ्यावी लागेल." याला सगळा मराठवाडा 'लिंकिंग' म्हणून ओळखतो. आमच्या घरातल्या माणसांनी दोन गोण्यांसाठी नको असलेले टॉनिक घरी आणले आहे, आणि पैसे नव्हते म्हणून ते उधारीवर मांडले आहे. ज्यांची पाच-दहा एकर बागायत आहे त्यांना गोण्या घरपोच जातात, आणि ज्यांचा एकर-दीड एकर आहे ते थंब देऊन रांगेत उभे राहतात. थंबचा विषय निघालाच आहे तर आठवण करून देतो. मार्च २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यात खत घेताना पॉस मशीन शेतकऱ्याची जात विचारते, हे उघड झाले आणि विधानसभेत त्यावर गदारोळ झाला. खताच्या गोणीला जात नसते. ती विकणाऱ्या यंत्रात जातीचा रकाना कोणीतरी बसून घातलेला असतो. तंत्रज्ञान आपोआप जातीबाहेर जात नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा कोणता हवा?

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने मुख्य हिशेब, ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याचा. आपल्या तालुक्यातल्या अनेक वस्त्या गायरान कसून जगतात. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आपले आजोबा तुरुंगात गेले ते याच जमिनीसाठी. महाराष्ट्र सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची निवडली, पण अंमलबजावणी तलाठ्याच्या टेबलावर अडकली. दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, जुने पंचनामे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली म्हातारी माणसे आम्ही रोज भेटतो. मग २०२२ च्या शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या आणि तीस-चाळीस वर्षे कसलेल्या रानात पेरणी करावी की नाही, हा प्रश्न पडला.

अशा माणसाला पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये मिळत नाहीत, कारण सातबारा नाही. बँकेचे पीककर्ज नाही, कारण सातबारा नाही. अतिवृष्टीच्या भरपाईतही तो बाहेर राहतो, कारण तेच. उद्या कार्बन क्रेडिटवाले आले, की तेही सातबाराच मागतील. म्हणजे हवा सगळ्यांची, धूर सगळ्यांच्या छातीत, आणि हवा शुद्ध केल्याचा मोबदला फक्त कागद असलेल्याला. ज्याने आयुष्यभर सर्वांत कमी वायू हवेत सोडला, दोन बकऱ्या आणि दीड एकर बाजरी-तुरीवर ज्याचे घर चालले, त्याच्या वाट्याला या बाजारात काहीच नाही.

मित्रांनो, बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर जो निबंध लिहिला, त्यातला मुद्दा आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीला भांडवल, अवजारे आणि बाकी साधने किती लाभली यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. एकटे खत वाढवून काही होत नाही. पाणी नसलेल्या मुरमाड गायरानात युरियाची गोणी टाकली तर बरेचसे नत्र उडून जाऊ शकते आणि उरलेल्याचे पीक पावसाच्या खंडात वाळते. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते याच्या पुढे गेले. शेती हा राज्याचा उद्योग असावा, पाणी, बैल, अवजारे, खत आणि बियाणे राज्याने पुरवावे, जमीन जातपात न पाहता द्यावी आणि गावात जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर असा भेदच राहू नये, अशी ती योजना होती. त्या यादीत खत आहे, हे लक्षात घ्या. पण ते एकटे नाही, जमिनीच्या हक्कासोबत आहे. आजचे धोरण त्या यादीतून खत तेवढे उचलते, त्याचे अनुदान कारखान्याला देते आणि जमिनीचा प्रश्न न्यायालयाकडे ढकलते.

मग हे तंत्र निरुपयोगी आहे का? नाही. धुराड्यातून वायू पकडून सोडा करणे, युरियाची तूट भरणे, यात उद्योगाची काटकसर आहे आणि ती जरूर करावी. अमोनिया नैसर्गिक वायूऐवजी सौर विजेवर करता आला, तर हवेचा हिशेबही बराच सुधारेल. आमचा आक्षेप आहे तो काटकसरीला क्रांती म्हणून विकण्याला. त्याच पैशात आणि त्याच उत्साहात मराठवाड्याच्या मातीसाठी काय करता येईल, ते पाहा. तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र फुकट पकडतात. ताग-धैंचा फुलोऱ्याआधी गाडला तर नत्र मिळते आणि खरा सेंद्रिय कर्बही वाढतो. युरिया एकदम फेकण्याऐवजी दोन-तीन हप्त्यांत, ओल असताना, मातीआड दिला तर तेवढ्याच पिकाला कमी गोण्या लागतात. कमी गोण्या म्हणजे कमी नायट्रस ऑक्साइड आणि कमी उधारी. पण मातीत दहा वर्षांची गुंतवणूक कोण करील? ज्याला पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे राहील याची खात्री आहे, तोच. डोक्यावर नोटीस असलेला माणूस ताग गाडत बसत नाही, तो या हंगामाचे पीक पदरात पाडून घेतो. म्हणून आम्ही म्हणतो, की मराठवाड्यात हवामानाचा प्रश्न हा जमिनीच्या मालकीचाही प्रश्न आहे.

आपल्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्या भोगवर्धनच्या उपासकांची नावे गावासकट कोरलेली आहेत. कोणी काय दिले याची नोंद दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर होत होती. आज त्याच गावच्या शिवारात चाळीस वर्षे घाम गाळणाऱ्याचे नाव साध्या कागदावर यायला तयार नाही.

तेव्हा तरुण कार्यकर्त्यांनी या पावसाळ्यापूर्वी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, प्रत्येक वस्तीतल्या गायरानधारकांची यादी करून १९९० पूर्वीच्या ताब्याचे पुरावे एकत्र करावेत आणि १९९१ च्या निर्णयाप्रमाणे तहसील कार्यालयात एकगठ्ठा अर्ज द्यावेत. सुटा अर्ज हरवतो, दोनशे अर्जांचा गठ्ठा हरवत नाही. दुसरे, खताच्या हंगामात लिंकिंग झाले, की पावती मागावी आणि त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तिसरे, कार्बनच्या नावाने कोणी करार घेऊन आला तर सही करण्यापूर्वी त्याला विचारावे, की पैसे किती, कधी आणि कोणाच्या खात्यात येणार, करार किती वर्षांचा आणि भूमिहीन मजुराचा त्यात वाटा किती. उत्तर मराठीत आणि लेखी घ्यावे.

धुरातून खत काढणारे यंत्र हुशार माणसांनी बनवले आहे आणि त्याचे कौतुक करायला आम्ही मागेपुढे पाहणार नाही. पण ज्या दिवशी त्या खताची गोणी गायरान कसणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावावरच्या रानात, छापील किमतीला, जात न विचारता पोहोचेल, त्या दिवशी ते आम्हाला परवडले असे आम्ही म्हणू.

जय भीम!